झाकणावरचं हळदकुंकू

मुलुंड, २ सप्टेंबर १९८३

तीर्थरूप भिकाजीदादास,
शि. सा. न. वि. वि.

बुधवारी आईला वेसाव्याला परत आणून सोडलं तेव्हा तू समुद्रावर होतास, म्हणून घडलं ते लिहून कळवतो. मथुरावहिनीनं सांगितलं असेलच, पण तिच्या सांगण्यात देवी जास्त आणि गाडी कमी असणार.

घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साडेनऊची वेळ होती. आम्ही आठला निघालो. साकीनाक्याच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली. पेट्रोलचा काटा बंद आहे, तेव्हा नेहमीप्रमाणे टाकीचं झाकण उघडून काठी घातली. अर्धी टाकी होती. मग बॉनेट उघडलं, तर पेट्रोलचा पंप हात लावू देईना इतका तापलेला. त्याला ओलं फडकं गुंडाळलं, सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात सुरू! निदान पक्कं झालं. पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते. सगळी मिळून अकरा मिनिटं गेली.

पण तेवढ्यात आईनं दार उघडून पाय खाली ठेवला होता. म्हणाली की नारळी पौर्णिमेला बोटीबरोबर या गाडीलाही मी माझ्या हातानं हळदकुंकू वाहिलं, आणि तीच वाटेत अडते, म्हणजे एकवीरा आई ऑपरेशनला नाही म्हणते. टॅक्सी करतो म्हटलं तर आणखीच चिडली. देवीला चुकवून मागच्या दारानं जाऊ का, असं मलाच विचारलं.

डॉक्टरांना फोन केला, त्यांनी १९ तारीख दिली आहे. तोवर पंपापुढे पत्रा बसवतो, म्हणजे उष्णता अडेल. तू तिची समजूत घाल. वहिनीला नमस्कार, आणि धाकट्यावरचा जीव आहे तसाच ठेव.

तुझा हरेश्वर


वेसावे, ८ सप्टेंबर १९८३

चि. हरेश्वरास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पंप, वाफ, पत्रा सगळं वाचलं, समजलं काही नाही. तू फुटपाथवरचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी लावून वाचलंस आणि मेकॅनिक झालास, हे आम्ही गावभर सांगतो रे, पण गाडीनं ते पुस्तक वाचलंय का ते एकदा बघ. इथे दत्ताराम मिस्त्री आहे, बोटींची इंजिनं करतो. त्याला दाखवू का म्हणून शुभाला विचारलं होतं, तर ती म्हणाली की यांना बोलाल तर चार दिवस जेवणार नाहीत.

मला एकच कोडं पडलंय. पौर्णिमेला मथुरानं गाडी घासूनपुसून धुतली, आईनं पूजा केली, मीपण बोटीसारखी तिची काळजी घेतली. एवढं करून ती आईलाच कशी अडवते?

आईला बोललो. ती म्हणते, बघू. शुभाला आशीर्वाद. येताना रागावून येऊ नकोस.

तुझा दादा, भिकाजी


मुलुंड, २० सप्टेंबर १९८३

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल तू पाहिलंसच, आईला कसं परत आणलं. माझं डोकं चालेनासं झालंय.

पुन्हा साकीनाकाच! मागच्या जागेपासून चाळीस पावलं पुढे. पत्रा जागेवर, पंप थंड. टाकी बघितली, पेट्रोल होतं. प्लग काढून पुसले, गाडी सुरू. म्हणजे प्लग? पण प्लग नवे आहेत, मी त्यांच्या टोकांमधली फट स्वतः गेजच्या पात्यानं मोजून लावलीय. रात्रभर विचार करून सकाळी प्लगला वीज देणारी कॉइल बदलली. मुलुंड चेकनाक्यापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, एक आचका नाही. मग कॉइल होती का? का प्लग होते? का पहिल्यांदा पंपच होता? एका गाडीला तीन रोग आणि तिन्हींवर माझं औषध लागू पडतं, असं कुठल्या पुस्तकात नाही. हीच गाडी चैत्रात कार्ल्याच्या डोंगराखालपर्यंत न थांबता गेली होती रे.

डॉक्टरांना पुन्हा फोन केला, ते स्पष्टच बोलले. मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, आता ११ ऑक्टोबर ही शेवटची तारीख, आणखी लांबवलं तर डोळ्याची हमी नाही. आई गाडीतून उतरताना म्हणाली की आता तिसऱ्यांदा देवीची परीक्षा बघू नकोस. मिस्त्रीला मात्र सांगू नकोस.

तुझ्या मायेच्या आधारावर असलेला,
हरेश्वर


वेसावे, २८ सप्टेंबर १९८३

चि. हरेश्वरास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा आईनं कपाच्या बाजूला चहा ओतला. सगळा मांडीवर. भाजलं थोडं, पण त्याहून वाईट म्हणजे तिनं ते हसण्यावारी नेलं. मी दारात उभा होतो, तर मी खोकल्यावर तिला कळलं की मी आहे. पन्नास वर्षं बाजारात बसून जिनं नुसत्या डोळ्यानं पापलेटचा ताजेपणा सांगितला, ती आता सुरमई चाचपून बघते.

पितृपक्ष आहे, तोवर ती हलणार नाहीच. तू तुझं पुस्तक पुन्हा वाच, नाहीतर दत्तारामला हो म्हण. माझा अभिमान असता तर मी तो समुद्रात टाकला असता. शुभाला आशीर्वाद, तिच्या हातचं जेवत जा.

तुझा दादा, भिकाजी


मुलुंड, ५ ऑक्टोबर १९८३

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी पवईपर्यंत एकटाच गेलो. निघताना टाकी भरली होती, म्हणून तलावाजवळ गाडी बंद पडली तेव्हा काठी घालून बघायची गरज नव्हती. पंपाला फडकं गुंडाळलं. नाही. प्लग पुसले. नाही. जुनी कॉइल परत लावली. नाही! माझी तिन्ही औषधं संपली. फुटपाथवर बसून वही काढली. दोन्ही वेळा काय काय केलं ते ओळीनं लिहिलंय, आणि दोन्हीकडे पहिली ओळ एकच: झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. मी ती दुरुस्ती म्हणून धरलीच नव्हती.

झाकण फिरवलं. आत हवा ओढली गेल्याचा हुस्स असा आवाज आला. सेल्फ मारला, सुरू.

त्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोल जाईल तशी त्यातून आत हवा येते. हवा नाही आली तर पंप बिचारा नुसता ओढत बसतो. आईनं लावलेलं हळदकुंकू पुसायचं कसं, म्हणून मी महिनाभर त्या झाकणाला फडकं लावलं नव्हतं. हात जोडून पुसलं. खाली भोक गच्च बुजवलेलं. टाचणीनं उकरलं, तर काळा टणक कण आणि कापसाचा तंतू. वास घेतला आणि थेट तुझ्या बोटीवर जाऊन उभा राहिलो.

दादा, ती बोटीच्या फटी बुजवायची राळ आहे. खरं सांग.

हरेश्वर


वेसावे, ८ ऑक्टोबर १९८३

चि. हरेश्वरास अनेक उत्तम आशीर्वाद.

मीच बुजवलं. मथुरा गाडी धूत होती तेव्हा दिसलं. भोक दिसलं की आमच्या हाताला विचार करायची सवय नाही रे. पावसाचं पाणी टाकीत जाईल, हरेश्वरची गाडी बुडेल, एवढंच वाटलं. बोटीसाठी राळ गरम केलेलीच होती. कापूस दाबला, वर थेंब सोडला, आणि तुझ्या एवढ्या पुस्तकात जे नाही ते आपण पाहिलं म्हणून मनातल्या मनात फुगलो. तुला सांगितलं नाही, कारण तू हात लावू देत नाहीस.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. वाटलं, मारेल. ती म्हणाली की म्हणजे देवी नाही म्हणाली नव्हती, मेल्या, तू नाही म्हणत होतास. तरी अजून पूर्ण मानत नाही. अट घातलीय. साकीनाक्याला तू स्वतः गाडी बंद करायचीस आणि झाकणाला हात न लावता पुन्हा सुरू करायचीस. झाली तर पुढे, नाहीतर घरी. आणि मी मागे बसायचं, हात मांडीवर ठेवून.

मी येतो. दर्यावर कधी भ्यालो नाही एवढा आज भ्यालोय. सांभाळून घे.

तुझा दादा, भिकाजी


मुलुंड, २१ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

साकीनाक्याला किल्ली फिरवून इंजिन बंद केलं तेव्हा मी गुपचूप एकवीरा आईला हात जोडले ते तू मागून पाहिलंस, आणि अजून कोणाला सांगितलं नाहीस, त्याबद्दल आभार. ते सुरू झाल्यावर तू पोरासारखा रडलास ते मीही कोणाला सांगितलेलं नाही. शुभा सोडून.

आज आईला ऑपरेशननंतरचा जाड काचांचा चष्मा मिळाला. दवाखान्यातून बाहेर येऊन तिनं आधी गाडी बघितली. म्हणाली की डावं दार जरा जास्त हिरवं आहे. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगतोय की त्या दाराचा रंग मी तंतोतंत जुळवलाय, कोणाला कळलं नव्हतं. मग ते भोक दाखव म्हणाली. झाकण काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उजेडाकडे धरलं, फिरवलं आणि बोट न लावता बरोबर भोक दाखवलं. मग विचारलं की एवढं तुम्हा दोघांनाही नीट दिसलं नाही, तर डोळे माझ्या एकटीचेच खराब होते का?

निघण्याआधी तिनं पिशवीतली पुडी काढून झाकणाला पुन्हा हळदकुंकू लावलं. भोक सोडून.

रविवारी तिला घेऊन येतो. राळ दिसणार नाही अशी ठेव, आणि माया दिसेल अशी.

तुझा हरेश्वर