उसनं नाक

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं चष्म्याचं दुकान जोरात चाललंय, हे वाचून बरं वाटलं. माझं मात्र तापानंतर नाक गेलंय. दिसायला आहे जागेवर, पण वास म्हणून कशाचा येत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल परत. कधी, ते त्यांनाही माहीत नाही.

इकडे वेलीवर सुकवलेल्या द्राक्षांचा रस आंबायला लागलाय. वाइन गोड राहायची तर ऐन वेळी पिंपाभोवती गार पाणी सोडून आंबणं थांबवावं लागतं. साखर किती उरली ते यंत्र सांगेल, पण ती वेळ वासावरूनच कळते. चुकले तर वर्षाची मेहनत पाण्यात. जन्मभर सगळीकडे नाक खुपसत आलास, यंदा माझ्या पिंपात खुपस.

आशीर्वाद आहेतच, वर विनवणी,
ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या वाइनला मी खोकल्याचं औषध म्हणत आलो, आणि तू मलाच वैद्य नेमतेस? बायको म्हणते, ह्यांना नासलेलं दूध ओळखता येत नाही. पण माझ्या मागच्या पत्रातली शुद्धलेखनाची एकही चूक तू काढली नाहीस, तेव्हाच कळलं की तू घाबरली आहेस. शनिवारी पोचतो.

लोभ असू दे, चेष्टेचं मी बघतो.
धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू गेल्यापासून तळघर फार गप्प आहे. मी दोनदा पाणी सोडायला गेले आणि दोन्ही वेळा तू माझा हात धरलास, म्हणालास, अजून भिजवलेल्या पिठाचा वास येतोय. तेव्हा मी तुला जे बोलले, ते कागदावर नको. मग भर जेवणातून उठून ओरडलास, की आता जर्दाळू, सोड! मी धावत जाऊन तोटी फिरवली. आता वाट बघायची. जमलंय की बिघडलंय, मला कळायचा मार्गच नाही.

जिवाला जप. चार शब्द सुनवायला मला माणूस हवं.
ताई

१७ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल वास आला! पहिला कशाचा म्हणशील, तर ओल्या मोज्यांचा. ते तसेच टाकून तळघरात धावले, पेला भरला. जर्दाळू, मध, आणि मागे किंचित आंबट धार. एकटी असते तर भीतीपोटी आधीच पाणी सोडलं असतं आणि हे कधी झालंच नसतं. तिथेच पायरीवर बसून पेला संपवला.

नाक आल्याचं फक्त डॉक्टरांना कळवलंय. तुझ्या बायकोला सांग, ताईला अजून कशाचाच वास येत नाही, पुढच्या हंगामालाही जावं लागणार.

वाट बघणारी,
ताई