ह्यांचा कॉम्प्युटर लागत नाही

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दरवर्षी हे कॉम्प्युटरची पूजा करायचे. पुण्याहून आणलेला जुना डबा, पण जीव होता त्याच्यावर. म्हणून आज मीच केली. हळदकुंकू, फूल, वरच्या जाळीवर ओल्या अक्षता. मग बटण दाबलं. मार्चमध्ये हे गेल्यापासून पहिल्यांदाच!

लागला. व्हिडिओंचा फोल्डर दिसला — आणि थोड्याच वेळात फट्कन बंद.

ह्यांचा फोन सायकलीबरोबर ट्रकखालीच गेला. आवाज उरलाय तो ह्या डब्यातच. मनू तीन वर्षांची पण नाही. किती लक्षात ठेवणार ती?

२ ऑक्टोबर

दसरा. गोड काही केलं नाही.

सकाळी परत लावला. लागला, बंद. वायर बदलली. भिंतीतला दुसरा पॉइंट बघितला. मागचा काळा खटका खालीवर केला. मग लागलाच नाही. वर जळका वास! प्लग उपटला, मनूला उचललं नि बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

फोनवर सासूबाईंना बोलून गेले. त्या म्हणाल्या, "वर्षाच्या आत सण करतं का गं कुणी? भोग आता!"

खरंच माझ्यामुळे गेला?

३ ऑक्टोबर

अभिराम भावजींना फोन केला. ह्यांच्या ऑफिसातले, इथे ह्याच डच गावात, बेस्टमध्येच राहतात. "वहिनी, बंद व्हायच्या आधी मागून वारा येत होता का?" मला काय माहीत! "बरं. एसएमपीएस गेला असणार, वीज देणारा डबा. तो मात्र उघडू नका हं, प्लग काढला तरी आत करंट राहतो."

आणि व्हिडिओ?

"ते डिस्कवर असतात. बहुतेक वाचतील."

बहुतेक! दिवसभर तोच एक शब्द डोक्यात.

४ ऑक्टोबर, शनिवार

भावजी आले. स्वतःच्या जुन्या मशीनचा एसएमपीएस काढून आणलेला. आमचा बाहेर काढला, हलवला — खुळखुळ! पालथा केला तर लाल तांदूळ पडले टेबलावर.

"काय वहिनी, ह्याला जेवू घातलंत?"

हसले. मग माझं तोंड बघून हसू आवरलं. म्हणाले, पंख्यात अडकल्या अक्षता. पंखा फिरेना, डबा तापून तापून जळला.

म्हटलं, सासूबाई म्हणतात मी सण केला म्हणून—

"अहो, तांदळानं झालंय. आमची ही तर वायफायच्या डबीला पण कुंकू लावते. काही होत नाही."

त्यांच्यासमोर रडले. मार्चमध्ये सगळे आले होते तेव्हा नव्हते रडले.

दुसरा जोडला. मला बटण दाबवेना, त्यांनीच दाबलं. मागे हात धरला — वारा! स्क्रीन लागली. फोल्डर आहे. सगळे व्हिडिओ आहेत!! "आधी कॉपी, मग बघा." पेनड्राइव्हवर घेऊन दिले नि गेले.

उद्या मनूला दाखवते. आज धीर नाही.

५ ऑक्टोबर

लावला. हे सोफ्यावर बसून हाका मारतायत — "मने, ये बघू! बाबाकडे ये!"

मनू माझ्या मागे लपली. म्हटलं, अगं, बाबा! तर "नेय" म्हणाली, क्रेशमध्ये शिकलेलं डच 'नाही'. "बाबा तो." भिंतीवरच्या हाराच्या फोटोकडे बोट.

फोटो उतरवला. व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.