घराला नावं ठेवायची पद्धत

३ मार्च
परदेशी आलो, कामावर रुजूही झालो. पंपांचा कारखाना, तपासणी विभाग. बिडाच्या तुकड्यात चीर किंवा बुडबुडा दिसला की लाल खडूने फुली मारायची. असल्या नजरेच्या माणसाला भाड्याचं घर शोधायला कितीसा वेळ लागणार? बायको आणि मुलगी तीस तारखेला येणार. कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये कुटुंबाला मनाई आहे. असू दे. महिना पडलाय. उरलेल्या दिवसांचं काय करायचं, एवढाच प्रश्न.

५ मार्च, संध्याकाळ
पहिलं घर पाहिलं. तोंडावर आवडलं म्हणणारा माणूस लुटला जातो. आधी नावं ठेवायची, मग भाडं आपोआप खाली येतं. आमच्या वडिलांनी जन्मभर हेच केलं. स्वयंपाकघरातल्या फरशीवर टिचकी मारून दाखवली : पोकळ. खिडकी कुरकुरते. बाथरूममध्ये उतार उलटा. मालकाचा चेहरा पडला. काम फत्ते!
आणखी चार जोडपी आली होती. किती छान उजेड आहे, किती शांत आहे, असं चाललं होतं त्यांचं. भाबडी जनता. हुकूमशहा असेच माजतात.

७ मार्च
घर उजेडवाल्यांना दिलं. एजंटने (टक्कल आणि बोलणं दोन्ही गुळगुळीत, म्हणून मी त्याला तुळतुळीत म्हणतो) कारण सांगितलं नाही. मला कळलं. मालक घाबरला. सत्याला सगळेच घाबरतात.

११ मार्च
दुसरं घर. जिना अरुंद, म्हणून जिन्यातच बोलावं लागलं. निवारा हा माणसाचा हक्क आहे, मालकांची मेहेरबानी नव्हे, इथपासून सुरुवात केली. आवाज चांगला लागला होता. वरच्या मजल्यावरच्या बाईने दार उघडलं, ऐकलं आणि लावून घेतलं. मालक म्हातारा. त्याने विचारलं, एवढं वाईट आहे तर तुम्हाला हवंय कशाला? मी म्हणालो, तो माझा प्रश्न आहे. पटलं असावं, लगेच दाराला कुलूप लावलं त्याने.

१२ मार्च
नकार. तोही फोनवर नाही, दोन ओळींचा मेसेज.
ऑफिसातला चश्मिस हसला. म्हणे साहेब, इथे आपण घर पसंत करत नाही, मालक आपल्याला पसंत करतो. गोड बोलायचं, घराची तारीफ करायची, जमलं तर भिंतीवरच्या चित्रांचीही. म्हणजे पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी मी! थू असल्या व्यवस्थेवर.
संकल्प : उद्यापासून गोड बोलणार. डावपेच म्हणून. शरणागती म्हणून नव्हे.

१६ मार्च
गोड बोललो. मालकिणीला म्हणालो, भिंतीला एवढी ओल असूनही घर किती प्रसन्न वाटतं हो! तिने विचारलं, कुठे आहे ओल? आता विचारल्यावर खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. कपाट सरकवून दाखवली. बाकीचे लोकही भिंतीला हात लावून बघू लागले. तीन जोडपी तिथूनच परतली. स्पर्धा कमी झाली, म्हणून मी समाधानाने हसलो. ते मालकिणीने पाहिलं.
तुळतुळीत रस्त्यावर येऊन ओरडला. गुळगुळीतपणा गेला कुठे? मी म्हणालो, आवाज खाली. तो म्हणाला, तुम्ही मला सांगताय?

२१ मार्च
आता कुठलाच एजंट फोन उचलत नाही. कट आहे.
बायकोचा फोन. तिकडचं घर सोडलं, सामान विकलं, मुलीचा शाळेचा दाखला काढला. मुलीने विचारलं, बाबा, आपण झोपायचं कुठे? मी म्हणालो, निवडप्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. मागून बायको म्हणाली, कोणाची निवड, ते विचार त्यांना.

२३ मार्च
हॉटेल बघून ठेवावं, असं चश्मिसचं मत. मी त्याला पराभूत मनोवृत्तीवर दोन शब्द सांगितले. जेवणाची सुट्टी संपली, तरी तो उठेना. ऐकत होता, असं वाटलं. झोपला होता.

२४ मार्च
बायकोने तुळतुळीतचा नंबर मागितला. दिला. म्हटलं, होऊ दे एकदा जगाची ओळख.

२७ मार्च
बायकोने घर मिळवलं. तिकडे बसून! व्हिडिओ कॉलवर तुळतुळीतने जोडून दिलेल्या एका मालकिणीशी (ओलवाली नव्हे) तासभर गप्पा. गुडघेदुखी, सुना, पडद्यांचे रंग. मी फक्त पगाराचे कागद पाठवले. अर्थात मी बाजार आधीच नरम करून ठेवला होता, हे तिला कोण सांगणार.
तिची एक अट आहे. सही करायची. तोंड उघडायचं नाही.
निषेध नोंदवून मान्य केली.

३० मार्च
विमानतळावरून थेट नव्या घरी. मालकीण किल्ल्या घेऊन उभी. मुलगी धावत आतली खोली बघून आली आणि हीच माझी, म्हणाली. मी करारावर सही केली. नळाला धार नाही. दिवाणखान्याच्या काचेला तडा, तोही वरपासून खालपर्यंत. छताला पोपडे. बायको माझ्याकडे बघत होती. मी छताकडे बघत होतो.
मालकीण बायकोला म्हणाली, तुमचे मिस्टर अगदीच अबोल आहेत हो.
बायको म्हणाली, पहिल्यापासूनच.
मी मान हलवली.