थेल्मिनचा द्रवणांक

२९ ऑक्टोबर १९८४, सोमवार

पुन्हा शून्य! दानुताने त्या झुडपाची आणखी चार किलो साल उकळली, गाळली, आटवली – आणि थेल्मिनचा कणही नाही. तीन वर्षं ही मुलगी माझ्या प्रयोगशाळेत राबतेय. तीस नोव्हेंबरला प्रबंध द्यायचाय. विषय – कोणत्या ऋतूत सालीत थेल्मिन किती. ऋतू कुठलाही असो, उत्तर शून्य! शून्याचा आलेख काढायला शाई फार लागत नाही, पण त्यावर कुणी डॉक्टरेट देत नाही.

"अठ्ठावीस वर्षं पोरासोरांनी काढलंय ते त्या सालीतून," मी म्हटलं. "तुझ्याशीच वैर आहे का त्याचं?"

तिचं नाक तेवढं लाल झालं. मी जरा जास्तच बोललो बहुतेक.

३१ ऑक्टोबर

डीन रंडल येऊन गेला. तेवीस तारखेला माझं निरोपाचं व्याख्यान, नंतर केक, नंतर पाटीचं अनावरण. पितळी पाटी! "प्रा. मर्विन टॅपिंग, थेल्मिनचे शोधक." पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेच्या दारावर लागणार. ज्या दारावर पोरं रोज लाथ मारून आत येतात, त्याच दारावर.

आयुष्यात माझं म्हणावं असं एवढंच. बाकी चाळीस वर्षं मी हॉबार्टच्या पोरांना फ्लास्क न फोडायला शिकवलं. तेही त्यांना जमलं नाही. पण १९५६ साली डोंगराच्या पायथ्याच्या एका फालतू झुडपाच्या सालीतून मी एक नवा पदार्थ काढला, पांढरे स्वच्छ स्फटिक, आणि त्याला थेल्माचं नाव दिलं. ती तेव्हा आमच्याकडे सहायक होती. साल उकळणं, भांडी धुणं, सामानाची कोठी, सगळं तिच्या ताब्यात. पुढच्या वर्षी लग्न केलं.

तेव्हापासून कुठल्याही पार्टीत दुसऱ्या ग्लासानंतर तिचं वाक्य ठरलेलं – "अख्ख्या टास्मानियात मी एकटीच बायको, जिचा द्रवणांक छापून आलाय! एकशे बेचाळीसला वितळते." लोक हसतात. मीही हसतो. दर वेळी!

६ नोव्हेंबर, मंगळवार

मेलबर्न कप. सगळा विभाग घोड्यांच्या शर्यतीच्या चिठ्ठ्या काढायला चहाच्या खोलीत. माझा घोडा अजून धावतोय.

दानुता एकटी बाकावर. हातांना मलम लावत होती.

"काय झालं गं?"

"भांडी धुवायच्या ॲसिटोनने पुरळ उठतं, प्रोफ. म्हणून तर मी साल मिथेनॉलमध्ये उकळते."

"काय?! कृतीत ॲसिटोन लिहिलंय ना मी? इंग्रजी वाचता येतं ना तुला?"

"दोन्ही द्रावकच की. सालीतला पदार्थ बाहेर काढायचा, एवढंच तर काम. कशाने का निघेना."

तिचं बरोबरच होतं, म्हणून मी आणखी चिडलो. खरं तर कृतीत ॲसिटोन आलं तेही योगायोगाने. छप्पन्नमध्ये बंदरावर संप होता, मेलबर्नहून मिथेनॉलचं पिंप आलंच नाही. थेल्मा म्हणाली, कोठीत ॲसिटोन भरपूर पडलंय, भांडी धुवायचं, तेच वापरू. वापरलं. तेच छापलं. आमच्या धंद्यात छापलेली कृती म्हणजे आजीची पाककृती, उगाच कुणी बदलत नाही.

"हातमोजे घाल," मी फर्मावलं, "आणि लिहिलंय तसं कर."

८ नोव्हेंबर

निघालं! फ्लास्कच्या तळाशी थेल्मिन, पांढरं शुभ्र. मी बाकाभोवती चक्क नाचलो. "बघ! म्हाताऱ्याचं ऐकावं जरा!"

दानुता हसली नाही. म्हणाली, "साल तीच, प्रोफ. तोच डबा. फक्त मिथेनॉलच्या जागी ॲसिटोन."

९ नोव्हेंबर

सकाळी दाढी करताना ते डोक्यात शिरलं. गाल कापला.

थेल्मिनच्या रेणूच्या शेपटीला तीन कार्बनचा एक तुकडा आहे – मध्ये एक, दोन बाजूंना जुळ्या भावांसारखे दोन. झाड तो तुकडा कसा बनवतं यावर मी दोन लेख लिहिले. भारी कौतुक झालं. आणि ॲसिटोन म्हणजे काय? तीन कार्बन – मध्ये एक, दोन बाजूंना दोन. बायका नखांचा रंग पुसतात ते! पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसेल. मला अठ्ठावीस वर्षं दिसलं नाही.

झाडाला विचारायचं तेवढं राहिलं.

१३ नोव्हेंबर

मिथेनॉलमधून दानुताला दर वेळी एक वेगळीच पांढरी पूड मिळायची. मीच सांगायचो, कचरा आहे, फेक. बयेने फेकली नव्हती. बाटलीवर चिठ्ठी – "प्रोफ म्हणतात कचरा."

आज ती पूड ॲसिटोनमध्ये टाकली, गरम केली, थंड केली. स्फटिक पडले.

मग जुनी पद्धत. माझी छप्पन्नची कुपी कपाटातून काढली, तिचे आजचे स्फटिक घेतले, दोन्ही एकत्र कुटून बारीक नळीत भरले. पदार्थ वेगळे असतील तर मिश्रण लवकर वितळतं. भिंग मीच धरलं. एकशे तीस. एकशे पस्तीस. वितळ ना, बाबा! एकशे चाळीस. एकशे बेचाळीसला वितळलं, एका फटक्यात.

दोन्ही एकच. झाडात थेल्मिन नाही. कधीच नव्हतं. ते आमच्या फ्लास्कात तयार व्हायचं.

दानुता हळूच म्हणाली, "तुमचं व्याख्यान होऊन जाऊ दे. मी प्रबंधात लिहीन – अत्यल्प प्रमाणात आढळले. कुणी विचारणार नाही."

मी तिला नको म्हटलं नाही. हे इथे लिहून ठेवतो. पूर्ण दोन तास मी नको म्हटलं नाही.

१४ नोव्हेंबर

नको म्हटलं. तिला सांगितलं, खरं तेच लिही, शून्य का येतं तेच लिही, कचऱ्याला नाव दे. तिचा चेहरा बघवेना. मुलगी रडायला लागली आणि वर मलाच सँडविचचा अर्धा तुकडा दिला.

नाव काय देऊ म्हणाली. म्हटलं, बायकोचं देऊ नकोस.

१५ नोव्हेंबर

रंडलची भीती नाही. भीती थेल्माची. लग्नाच्या आधी मी तिला एकच मोठी भेट दिली, ती खोटी निघाली! हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

परसात बाकल्याच्या शेंगा तोडत होती. सांगितलं, सगळं, उभ्याउभ्या.

"हं," म्हणाली. "ती टोपली धर."

बस, एवढंच! मला राग आला. माणसाने जरा तरी हळहळावं.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. तीनशे लोकांसमोर, थेल्मा पहिल्या रांगेत. एका हातात छप्पन्नची कुपी, दुसऱ्या हातात नखांचा रंग पुसायची बाटली, थेल्माच्याच कपाटातली. "सभ्य स्त्री-पुरुषहो, थेल्मिनचा हा खरा झरा!"

आधी कुणी हसेना. मग मागून एक हसला, मग सगळे. रंडल केकच्या सुरीकडे बघत बसला. मी म्हटलं, या मुलीने तीन वर्षं प्रत्येक ऋतूत शून्य बरोबर मोजलं आणि मी तिला वेडी ठरवलं. ती दानुता, उभी राहा गं. उभी राहिली. टाळ्या तिला मिळाल्या. बऱ्याच.

पाटी मी भांडी धुवायच्या खोलीत लावायला सांगितली.

२५ नोव्हेंबर, रविवार

जेवणानंतर थेल्मा भांडी विसळत होती, मी पुसत होतो. पाठमोरीच म्हणाली, "मर्व, संप मिटल्यावर मिथेनॉलचं पिंप आलं ना, तेव्हा मी एकदा त्यात साल उकळून बघितली होती. तुझं थेल्मिन निघालंच नाही. लेख छापून आला होता, चर्चमधली लग्नाची तारीख ठरली होती. दिलं सिंकमध्ये ओतून."

मी एकच ताट कितीतरी वेळ पुसत होतो. शेवटी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"नाव काढून घेतलं असतंस," ती म्हणाली. "मला ते हवं होतं."