झाकण घट्ट : होय

३ मार्च, सोमवार. सकाळी सव्वासात.
सुरक्षा सप्ताह सुरू. मोठे साहेब भाषणात म्हणाले, पेट्रोलची वाफ आपल्याला दिसत नाही, पण ठिणगीला बरोबर सापडते. छान वाक्य. मीच लिहून दिलं होतं.

संकल्प : यापुढे पेट्रोल भरलेल्या रेल्वेच्या प्रत्येक टँक वॅगनवर स्वतः शिडीने चढायचं. वरच्या झाकणाचे आठही बोल्ट पितळी पान्याने तपासायचे (लोखंडी नाही, ठिणगी उडते). मगच चेकलिस्टवर टिक. नियम पहिल्यापासून हाच आहे, पण संकल्प म्हणून लिहिला की जरा वजन येतं. तसं एकोणीस वर्षांत माझ्या यार्डाबद्दल एकही तक्रार नाही. झाकण ढिलं असलं की मला खालूनच कळतं. काहींना असतं तसं अंग.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळ.
उद्याच्या गाडीची यादी आली. चोवीस वॅगन, प्रत्येकीचे सहा रकाने, म्हणजे एकशे चव्वेचाळीस टिका. यार्डात वाऱ्याने कागद फडफडतो, टिका वाकड्या येतात. म्हणून घरीच डायनिंग टेबलवर बसून भरून टाकल्या. निळं पेन, खाली पट्टी. हिने विचारलं, गाडी आली का. म्हटलं, उद्या येणार. मग तुम्ही तपासलंत काय, म्हणाली. ॲडव्हान्स प्लॅनिंग हा विषय घरात काढण्यात अर्थ नाही.

उद्या वर चढून कुठे वावगं दिसलं तर खोडायचं. सोपं आहे.

५ मार्च, बुधवार.
गाडी तीन तास लेट. सकाळपासून गुडघा ठणकतोय. दोन वॅगनवर चढलो. आठ-आठ बोल्ट, सगळे घट्ट. बाकीच्याही त्याच गँगने भरलेल्या, झाकणं त्यांनीच बंद केलेली. माणसं तीच, हात तेच. खालून नजर टाकली.

सीलवाले मामा चेकलिस्ट घ्यायला आले. यांचं काम शेवटचं. मी टिक केली की हे वर जाऊन झाकणाला तार ओवतात आणि सील दाबतात. बोल्टला हात लावायचा नाही, तसा नियमच आहे. माझ्या टिकेशिवाय मात्र एकही सील लावत नाहीत. साहेब, सगळं स्वतः बघितलंत ना, असं विचारलं. मी कागद पुढे केला. बरं झालं, म्हणाले, आणि या वयात चढले की भराभरा वर. चार महिन्यांनी रिटायर होतायत.

चार दहाला गाडी सुटली. संकल्प उद्यापासून नक्की.

७ मार्च, शुक्रवार. दुपारी बारा.
जिथे गाडी रिकामी करतात त्या डेपोतून फोन. नवव्या वॅगनच्या झाकणाचे तीन बोल्ट ढिले. वाटभर वाफ बाहेर. काम थांबवलं, आग लागू नये म्हणून फोम मारला, डेपो रिकामा केला. कुणाला काही झालं नाही. कुणाला काही झालं नाही, हे मी मोठ्या साहेबांकडून तीनदा वदवून घेतलं.

८ मार्च, शनिवार.
चौकशी सुरू. साहेबांचा हिशेब सरळ आहे. सील शाबूत, म्हणजे वाटेत कुणी झाकण उघडलेलं नाही. माझ्या चेकलिस्टवर 'झाकण घट्ट : होय', म्हणजे मी तपासलं तेव्हा घट्ट होतं. मग मधल्या वेळात वर गेलं कोण? सीलवाले मामा. त्यांनीच बोल्टशी काहीतरी केलं असणार. मामांना यार्डात यायला बंदी, आठ दिवसांत लेखी खुलासा.

अरे देवा. मी फक्त एक टिक केली होती.

दुरुस्ती : बुधवारी 'दोन वॅगनवर चढलो' असं लिहिलंय. पहिलीवर चढलो. दुसरीच्या शिडीला हात लावला.

१० मार्च, सोमवार.
ठरवलं. सगळं सांगून टाकायचं. साडेदहाला मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब, एक बोलायचं होतं, एवढं म्हणालोसुद्धा. ते म्हणाले, मीच तुम्हाला बोलावणार होतो. इतकी स्वच्छ चेकलिस्ट त्यांनी जन्मात पाहिलेली नाही म्हणे. एकही खाडाखोड नाही. येत्या सोमवारच्या ट्रेनिंगमध्ये नमुना म्हणून पडद्यावर दाखवणार. तुम्ही काय म्हणत होता, असं मग विचारलं. मी म्हटलं, पंखा जरा आवाज करतो.

पंख्याची तक्रार लगेच नोंदवून घेतली.

दुरुस्ती : पहिलीच्यासुद्धा तिसऱ्या पायरीपर्यंतच.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळ.
मामा घरी आले. चप्पल बाहेर काढून दारातच उभे. खुलासा कसा लिहायचा कळत नाही, साहेब, तुमची भाषा चांगली, तुम्हीच लिहून द्या. हिने पाणी दिलं. मी नाही कसं म्हणणार?

लिहायला बसलो. मामांना विचारलं, बोल्टला हात लागला होता का. म्हणाले, मला तर आठवत नाही, पण तुम्ही घट्ट बघितलेत म्हणजे माझ्याच हातून झालं असणार. हल्ली हात थोडा कापतो. पस्तीस वर्षांत डाग लागला नाही, शेवटी लागायचा होता. मी म्हटलं, असं कसं, असं कसं. आणि लिहिलं : 'अनवधानाने माझ्या हातून चूक घडली असावी.' वाक्य चांगलं जमलं. मामांनी दोनदा वाचून घेतलं, सही केली आणि माझे आभार मानले.

ते गेल्यावर ही एकच वाक्य बोलली. तुम्ही मंगळवारीच टिका मारल्या होत्या ना, म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो. लाज वाटते लिहायला.

१६ मार्च, रविवार.
उद्या ट्रेनिंगमध्येच, सगळ्यांसमोर कबूल करणार. भाषण तयार, चार पानं. 'मित्रांनो, चूक मान्य करायला धैर्य लागतं' इथून सुरुवात. चहाच्या सुट्टीनंतर वाचायचं, लोक ताजेतवाने असतात. खुलासा तोवर मामांनी दिला असेल तर परत घेता येतो. आरशासमोर दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी 'धैर्य' या शब्दापाशी मुद्दाम थांबलो. एकूण परिणाम चांगला होईल.

१७ मार्च, सोमवार.
चहाच्या सुट्टीपर्यंत गेलंच नाही.

चाळीस माणसं. मामांनाही बोलावलेलं, मागच्या खुर्चीवर बसले होते. पडद्यावर माझी चेकलिस्ट, भिंतभर. मोठे साहेब म्हणाले, याला म्हणतात काम. तेवढ्यात तिकडच्या डेपोच्या बाई उठल्या. त्यांनीच ते ढिले बोल्ट पकडले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, सतरावी वॅगन तर आमच्याकडे आलीच नाही. रिकामी गाडी इकडे भरायला येतानाच ती बिघडली म्हणून वाटेत काढून ठेवली होती, गाडी तेवीसचीच होती. मग तिचं झाकण घट्ट कसं?

मी पडद्याकडे बघितलं. सतरा नंबर, सहाच्या सहा टिका, पट्टी लावून मारलेल्या. कुणीतरी फिसकन हसलं.

मामा उभे राहिले. साहेबांनी लिहिलंय म्हणजे सतरावी आलीच असणार, म्हणाले. मी तेवीस सीलं लावली, एक माझ्याच नजरेतून सुटली असेल. डोळे अधू झालेत माझे.

मग मात्र कुणी हसलं नाही.

चार पानं खिशात होती. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी म्हणालो, मी चढलो नव्हतो. मोठ्या साहेबांनी विचारलं, कोणत्या वॅगनवर. मी म्हणालो, कोणत्याच नाही. मामा हळूच खाली बसले. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी, आपल्या हातांकडे बघत राहिले.

१८ मार्च, मंगळवार.
मामांचा खुलासा फाडला, त्यांना कामावर परत घेतलं. मला तपासणीवरून काढलं. निकाल लागेपर्यंत ड्युटी मेन गेटवर. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तपासायचे आणि काडेपेटी, लायटर, मोबाइल काढून घ्यायचे. हिला सांगितलं. जेवून घ्या, म्हणाली.

१९ मार्च, बुधवार. सकाळी आठ.
गेटवर पहिला दिवस. सगळ्यात आधी मामा आले. मी म्हटलं, जा मामा, तुमचं काय तपासायचं, आणि वहीत टिक करायला पेन उचललं.

ते जागचे हलले नाहीत. दोन्ही हात बाजूला पसरले आणि म्हणाले, तपासा.

शर्टाचे दोन, पँटचे चार, डब्याच्या पिशवीचा एक. सातही खिसे उलटे करून बघितले. मागे रांग वाढत होती. काही नव्हतं. मी टिक केली. ती त्यांनी वाकून बघितली, आणि मग आत गेले.