पालथी कार्डं

प्रिय ताई,

अक्षर लागत नसेल तर चिडू नकोस. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीने एकमेकांना बांधली आहेत आणि पेन नुसतं चिमटीत धरून लिहितोय. मोडली ती एका माणसाच्या कपाळावर. पट्टी बांधताना डॉक्टर म्हणाला, डोक्याचं हाड हातापेक्षा टणक असतं राजा, पुढच्या वेळी लक्षात ठेव. मला हसू आलं. फोनवर तुला एवढंच म्हणालो होतो की इथलं काम संपलं, या आठवड्यात तुझ्याकडे येतो, कायमचा. तू काही विचारलं नाहीस. ये म्हणालीस, पोरीच्या खोलीत तुझी गादी टाकते म्हणालीस. विचारलं असतंस तर मी विषय बदलला असता, तेवढं एक मला चांगलं जमतं. म्हणून हे पत्र. बस-स्टँडच्या बाकावर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितोय. शेजारी एक म्हातारा झोपलाय आणि त्याचं डोकं सारखं माझ्या खांद्यावर येतंय.

विद्यापीठात लागलो म्हणालो तेव्हा तू हसली होतीस. शाळेतून दोनदा हाकललेला विद्यापीठात काय करणार, झाडांना पाणी घालणार का? तसं नाही. इथे विद्यार्थी मदत केंद्र म्हणून एक लांबट खोली आहे. तीन खिडक्या, पंधरा खुर्च्या, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, आणि नंबर पुकारणारं एक यंत्र, त्यातली बाई कितीही गोंधळ असला तरी गोडच बोलते. कुणाचं ओळखपत्र हरवलेलं असतं, कुणाला परीक्षेच्या नावाने थरथर सुटते, कुणाचा खोलीतला जोडीदार घोरतो. त्यांना नंबर द्यायचा, हिरवं कार्ड भरून घ्यायचं आणि ते खणात लावायचं, हे माझं काम. ट्रकवर होतो तेव्हा टायर लावायचो, इथे कार्डं. आणखी एक प्रकार असतो. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येतात ते. त्यांना काकू बरोबर ओळखायच्या.

काकू म्हणजे वसतिगृहाच्या खिडकीवरच्या बाई. एकोणीस वर्षं त्याच खिडकीत. सगळं विद्यापीठ त्यांना काकू म्हणतं, अगदी आमचे साहेबसुद्धा. मला हे काम त्यांनीच लावून दिलं. मी फाटकापाशी सामान उतरवत होतो, एका पोराला चक्कर आली, मी त्याला पाठीवर घेऊन आत आणलं. काकू म्हणाल्या, पाठ चांगली आहे तुझी, पण बूड कधी टेकतोस का? त्यांना म्हटलं, माझी ताई मला भिंगरीच म्हणते. तर म्हणाल्या, मग भिंगरीला खिळा ठोकायलाच हवा. उद्यापासून ये. त्या काकूंची सोमवारी चौकशी आहे, ताई. उद्याच. एकोणीस वर्षांची नोकरी जाईल, आणि साहेब बोलतायत त्यावरून प्रकरण पोलिसांतही जाईल.

त्या मुलीबद्दल सांगतो. दुसऱ्या वर्षाची, काडीसारखी, जाड चष्मा. फेब्रुवारीत आली तेव्हा मनगट कापडात गुंडाळलेलं होतं. घरच्यांनी ठरवलं होतं, शिक्षण बास. ही नाही म्हणाली, तर भावाने तिचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. हे तिने असं सांगितलं, जसं कुणी बस चुकली म्हणून सांगतं. समुपदेशक बाई रडल्या, ती नाही रडली. काकूंनी तिला मागच्या इमारतीत वेगळी खोली दिली, तुझा पत्ता कुणालाच कळणार नाही म्हणाल्या, ग्रंथालयात काम दिलं. तिला पुस्तकाच्या पाठीवर आकडे चिकटवायला फार आवडायचं. मी विचारलं, त्यात काय मजा? म्हणाली, प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि कुणी हलवलं तरी परत तिथेच नेऊन ठेवता येतं. मला त्यातलं फार कळलं नाही. मी तेव्हा खिडकीबाहेर चाललेली क्रिकेटची मॅच बघत होतो.

हीच माझी खोड. खोड कसली, रोगच. पहिल्या दिवशी काकूंनी मला कार्डांचा खण दाखवला. त्यात काही कार्डं पालथी लावलेली होती, अक्षरं मागे, कोरी बाजू पुढे. काकूंनी कारण सांगितलं होतं. ज्यांचा पत्ता घरच्यांनाही द्यायचा नाही त्यांचं कार्ड पालथं. संगणकात कोणीही डोकावतं, आणि लाल खूण केली तर येणारा जाणारा विचारतो की हिचं काय झालं. पालथं कार्ड कुणाच्या डोळ्यात भरत नाही. खिडकीवरच्याने खणात बघायचं, कार्ड पालथं असलं की म्हणायचं, या नावाचं कुणी नाही. कुठे लिहिलेलं नाही, तोंडानेच सांगत आलेत एकमेकांना. हे सगळं मला आता शब्द न् शब्द आठवतंय. त्या दिवशी मात्र पंख्याच्या दांड्यावर कबुतराने काड्या आणून ठेवल्या होत्या आणि मी ते बघत हं हं म्हणत होतो.

मागच्याच्या मागच्या शुक्रवारी काम नव्हतं. साहेब आदल्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले होते, या माणसाला एक काम नीट करता येत नाही, खुर्चीची किंमत तरी वसूल कर. मला ते लागलं. म्हटलं, दाखवतोच. खण काढला, धूळ पुसली, कार्डं आडनावांप्रमाणे लावली, दुमडलेले कोपरे सरळ केले. आणि जी उलटी होती ती सगळी सुलटी केली. एकतीस होती, ताई. मनात म्हणालो, कुठल्या आंधळ्याने लावलीत ही? करायला गेलो एक. त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेलो होतो.

मंगळवारी दुपारी तो आला. तिचा भाऊ. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत तिचा घडी केलेला स्वेटर. रांगेत उभा राहिला, नंबर घेतला. मीच दिला, बेचाळीस. एका म्हाताऱ्या शिपायाला बसायला स्वतःची खुर्ची दिली. काकूंना म्हणाला, मावशी, थंडी पडायला लागली, बहीण हट्टी आहे, फोन उचलत नाही, एवढं द्यायचं होतं. काकूंनी खण ओढला. काकूंना चेहरे लक्षात राहतात, पण एवढ्या पोरांत एक नाव कुणाच्या लक्षात राहणार, म्हणून तर तो खण. कार्ड सुलटं. त्यांनी इमारत सांगितली, खोली सांगितली. वर म्हणाल्या, चांगला भाऊ आहेस, हो.

वीस मिनिटांनी ती पळत आली. चष्मा नव्हता, एक पाय अनवाणी. इथे माणसं आहेत, इथे कुणीतरी वाचवेल म्हणून आमच्याच खोलीत आली. तो तिच्या मागोमाग. हातात सायकलची साखळी, मुठीभोवती दोन वेढे घेतलेली. पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा ओली चादर झटकल्यासारखा आवाज झाला. दुसरा तोंडावर. तिचे दात माझ्या टेबलावर येऊन पडले. दोन. मी टेबलाच्या अलीकडे होतो, हात लांब केला असता तर साखळी धरता आली असती. तो मोजून मारत होता. घाई नव्हती. प्रत्येक फटक्याला एक शब्द बोलत होता, आमचं, नाव, घालवलंस, तू. खुर्च्यांवर चौदा जणं होती. कुणी भिंतीला चिकटलं, कुणी मोबाइल वर धरला. वर यंत्रातली बाई म्हणाली, क्रमांक त्रेचाळीस, कृपया खिडकी दोनवर या.

काकू खिडकीतून बाहेर आल्या. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून दोन जिने चढत नाही, ती बाई पळत येऊन त्या पोरीवर पालथी पडली. त्याने थांबायचं ना? नाही थांबला. काकूंच्या मानेवर, हातावर, कानावर. कान अर्धा लोंबत होता. त्या ओरडत नव्हत्या. खाली तोंड करून पोरीला म्हणत होत्या, डोळे मीट, डोळे मीट.

मी तेव्हा उठलो. कधी, ते विचारू नकोस. खोलीतल्या कॅमेऱ्यात मोजलंय म्हणे, चव्वेचाळीस सेकंद. अग्निशामकाचा लाल डबा उचलून त्याच्या खांद्यावर घातला. तो गुडघ्यावर आला, साखळी सुटली. तिथे संपायला हवं होतं. नाही संपलं. मी त्याच्या छातीवर बसलो आणि कपाळावर मारत राहिलो, बोटं मोडल्याचं कळलंसुद्धा नाही. मग इतका वेळ भिंतीला चिकटलेलेही धावून आले. कुणी लाथ घातली, कुणी खुर्ची. प्लॅस्टिकचं झाडसुद्धा घातलं एकाने. त्याच्या नाकातून फेस यायला लागला तेव्हा सुरक्षारक्षकांनी मला केसांना धरून ओढलं. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. त्याला मारत होतो तोवर खणाची आठवण आत येऊ शकत नव्हती. मुलगी वाचली, इस्पितळात आहे. तोही जिवंत आहे, पोलिसांच्या पहाऱ्यात, त्याच इस्पितळात, दोन मजले खाली.

आता गंमत बघ. मी हिरो झालो. साहेबांनी पाठीवर थाप मारली, म्हणाले, तुझ्यासारखा माणूस कायम हवा आम्हाला. पोरं माझा फोटो काढायला आली. आणि काकूंना चौकशीची नोटीस. त्यांनी टाके घातलेल्या कानाने सांगितलं, कार्ड सुलटं होतं, पालथी होती ती एकतीसच्या एकतीस सुलटी झाली होती. साहेब म्हणाले, पालथं-सुलटं म्हणजे काय? कुठल्या नियमात लिहिलंय? आणि असलंच तसं, तर एकतीस कार्डं काय आपोआप फिरली? मी तिथेच उभा होतो, ताई. साहेबांच्या पाण्याचा ग्लास धरून. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना माहीत नाही असं नाही, खणाला हात लावणारे आम्ही दोघंच. त्या खाली बघत म्हणाल्या, माझीच नजर चुकली असेल.

काल मुलीला भेटायला गेलो. जबडा तारांनी बांधलाय, डाव्या डोळ्याचं अजून सांगता येत नाही म्हणतात. मी उगाच बडबडत होतो, ग्रंथालयातली मांजर व्याली वगैरे. व्यालेली नाही, मी तिला हसवायला म्हणून सांगितलं. तिने हाताने खूण करून वही मागितली आणि लिहिलं, काकूंनी का सांगितलं? आणि खाली, माझा या जगात त्यांच्यावरच विश्वास होता. वही माझ्यासमोर धरून ती उरलेल्या डोळ्याने बघत राहिली. मी म्हणालो, चहा घेऊन येतो. चहा नाही आणला. जिना उतरलो, खोलीवर गेलो, पिशवी भरली आणि तुला फोन केला. ट्रकची नोकरी अशीच सोडली होती, बेकरीची तशीच, तुला नावं पाठ असतील.

आज सकाळपासून तीन बसगाड्या समोरून गेल्या. तिसरीत चढलो होतो, जागाही मिळाली, खिडकीची. पुढच्या बाकावर एक बाई आपल्या पोराला चापट्या मारत होती, साधंच, त्याने काहीतरी सांडलं होतं. आणि ते पोर माझ्याकडे बघत होतं. मी उतरलो. कंडक्टर म्हणाला, काय राव, जायचंय की नाही? नाही, म्हटलं. तर ताई, मी येत नाही. गादी उचलून ठेव. उद्या अकरा वाजता चौकशीच्या खोलीत जाऊन सांगणार आहे की कार्डं मी फिरवली, काकूंनी मला पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता आणि मी ऐकला नाही. त्याआधी इस्पितळात जाऊन हेच त्या मुलीच्या वहीत लिहून देणार आहे, मोडक्या बोटांनी का होईना. पुढे हाकलतील, आत टाकतील, काय ते होईल. पण तोंड उघडायची मला सवय नाही, आणि उद्या तिथे पहिल्यांदाच उघडलं तर पुन्हा कबुतराचंच बोलून बसेन अशी भीती वाटते. म्हणून आधी तुझ्यापाशी उघडतोय, कारण पहिल्यांदा मी तुझ्यापासूनच पळालो होतो. तुझ्या त्या घरात मी सहा महिने राहिलो, आणि ज्या दुपारी भावोजींनी तुला इस्त्रीने भाजलं, त्या दुपारी मी नदीवर पोहायला गेलो होतो असं आजवर सांगत आलो. पोरगं नव्हतं घरात म्हणून वाचलं, असं तूही सगळ्यांना सांगतेस. नदीवर मी नंतर गेलो, ताई. तू दोनदा हाक मारलीस तेव्हा मी मागच्या खोलीत चपला शोधत होतो.

तुझाच,
भिंगरी