पाटीवरून पुसलेला शब्द

शिवाजी पेठ, कोल्हापूर
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २००३

प्रिय चि. शिवांजली,

माझं पत्र आलेलं बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या अव्वाचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तेवढंच. बोलायचं आहे ते वीस तारखेच्या तुझ्या साखरपुड्याबद्दल. तुझी एकच अट होती, की तुझ्या दुखण्याचं मुलाकडच्या कागलकरांना आधी सांगायचं आणि मगच होकार द्यायचा. त्या अटीबद्दलच हे पत्र आहे. फोनवर बोललो असतो, पण तुमच्या हॉस्टेलचा फोन वॉर्डनबाईंच्या टेबलावर, आणि आपल्या दुकानातल्या फोनपाशी कायम कुणीतरी बाकड्यावर पाय हलवत बसलेलं. शिवाय मी बोलायला लागलो की मुद्दा सोडून भलतीकडेच जातो, असं तू मला तोंडावर सुनावलेलं आहेस. लिहितानाही जाईनच. पण शेवटपर्यंत वाच, मधेच रागावून घडी घालून ठेवू नकोस.

आपल्या दुकानाचं नाव पूर्वी 'फिटवेल टेलर्स' होतं, हे तुला आठवत असेल. मी गावाकडून आलो तेव्हा मला इंग्रजीचा गंध नव्हता. कन्नड आणि मराठी या दोन भाषांवर आपलं भागत होतं; तू आईला अव्वा म्हणतेस ती त्यातलीच कन्नड. पाटी रंगवणाऱ्या कृष्णातनंच नाव सुचवलं. म्हणाला, "मास्तर, फिट म्हंजी अंगाला बसलेलं, वेल म्हंजी झ्याक. ह्याच्या म्होरं काय पायजे?" पिवळ्यावर लाल अक्षरांत पाटी झळकली, आणि मी दोन दिवस रस्त्याच्या पलीकडे उभा राहून ती बघत होतो. पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल संघांचे ड्रेस माझ्याकडे यायला लागले ते त्या नावामुळे की माझ्या हातामुळे, यावर तुझ्या अव्वाचं आणि माझं अजून एकमत नाही.

हळूहळू लक्षात आलं की तो शब्द काही एकट्या शिंप्यांच्या मालकीचा नाही. दुकानात बसलं की दिवसभर तो कानांवर पडायचा. "मास्तर, ह्यो शर्ट लई फिट झालाय, जरा सैल सोडा की." त्याच्या पाठोपाठ दुसरा, "आमचा गोलकीपर फिट न्हाय, बोट मोडलंय." पिराजी त्याच्या जीपचं फिटनेस सर्टिफिकेट मिळत नाही म्हणून शिव्या घालत यायचा. समोरच्या चिमणाबाईंना टाकीचा नळ फिट करून हवा असायचा. कुणाचा मुलगा लष्कराच्या भरतीत छाती अर्धा इंच कमी भरली म्हणून अनफिट ठरलेला, कुणाच्या डोक्यात दुबईला जायचं फिट बसलेलं. आणि संध्याकाळी बाकड्यावर गलका वाढला, की कोपऱ्यातल्या पोराचं आणि पलीकडच्या गल्लीतल्या पोरीचं 'फिट झालंय' ही बातमी ठरलेली. मला त्या शब्दाचं भारी कौतुक वाटायचं. वाटायचं, आपल्या पाटीवरचा शब्द सगळ्या पेठेला पुरतोय.

मग त्र्याण्णव साल आलं. तू बारा वर्षांची. शाळा सुटली की दुकानात येऊन बटणं रंगाप्रमाणे लावत बसायचीस. त्या दिवशी एका तालमीची टीम ड्रेसच्या ट्रायलला आली होती. तू बटणांच्या बरणीकडे हात नेलास आणि बरणीसकट स्टुलावरून कोसळलीस. हात आखडले होते, डोळे वर गेले होते. मला वाटलं पोरगी गेली. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, फिट आलीया पोरीला! चप्पल आना, नाकाला लावा!" आणि शिवांजली, मी लावली. माझ्याच पायातली काढून लावली. पंधरा-वीस धडधाकट पुरुष बघत होते. तुझा फ्रॉक ओला झाला होता. कुणीतरी त्यावर नवीकोरी जर्सी टाकली. त्याचं नाव मला अजून माहीत नाही, पण त्याचे उपकार मी मानतो. तू शुद्धीवर आलीस आणि आधी सांडलेली बटणं गोळा करायला लागलीस. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि नियमित घेतल्या तर घाबरायचं कारण नाही म्हणाले. आजार बरा करणं माझ्या हातात नव्हतं. माझ्या हातात फक्त शब्द होता, तेव्हा मी तो घराबाहेर काढला. तुझ्या अव्वाला सांगितलं, या घरात तो शब्द निघता कामा नये. 'चक्कर' म्हणायचं. कृष्णातला बोलावून पाटी बदलली, 'शिवकृपा टेलर्स' केली. तो विचारत राहिला, "अवो, चांगलं चाललेलं नाव कोन बदलतंय व्हय?" मी म्हटलं, ज्योतिषानं सांगितलंय. ज्याच्या धंद्याचा निम्मा जीव त्या एका शब्दात, असा शिंपी मग गिऱ्हाइकांना 'अंगासरशी करू का?', 'बेतात बसलंय ना?' असं विचारत हिंडायला लागला. पोरं माझी चेष्टा करायची. "मास्तर, फिटिंग जरा..." म्हणून मुद्दाम अर्ध्यावर थांबायची. आणि पिराजी, ज्याच्या मनात काही काळंबेरं नाही, तो गॅरेजचं बिल बघून "मला फिटच यायची ऱ्हायली हुती" म्हणाला, तेव्हा मी त्याची पॅन्ट उसवलेली तशीच त्याच्या अंगावर फेकली. त्याला आजतागायत कळलेलं नाही आपलं काय चुकलं.

तुला मात्र सगळं कळत होतं. नववीत होतीस. जेवताना म्हणालीस, "अप्पा, तुम्ही त्या शब्दाला भिताय का मला?" दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेल्यावर तुझी इंग्रजी-मराठी डिक्शनरी काढून बसलो. जुन्या बिलबुकावरची इंग्रजी अक्षरं जुळवत तो शब्द शोधला. योग्य, लायक, तंदुरुस्त, जुळणे, बसणे, बसवणे, अशी ओळच्या ओळ. आणि खाली नवीन आकडा घालून तोच शब्द परत, झटका, आकडी. एकाच आडनावाची दोन घरं शेजारी असावीत आणि त्यांची बोलचाल नसावी तसं. त्याच्याच पुढे लिहिलं होतं, हसण्याचा झटका, रागाचा झटका. इंग्रजांना म्हणे हसण्याचीही फिट येते. मला एकदम रडू आलं. त्यांच्यात तो शब्द हसण्याला चालतो, आणि माझ्या पोरीच्या वाट्याला मात्र चप्पल. 'लायक' तिथे पहिल्या रांगेत लिहिलेलं असताना मी दहा वर्षं फक्त खालचा आकडा बघत बसलो. तू आपल्या बळावर शिकलीस, मिरजेच्या लॅबमध्ये कामाला लागलीस, स्वतः डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या बदलून घेतल्यास. तीन वर्षांत एकदाही काही झालं नाही. तरी मी तसाच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मागच्या महिन्यात आम्ही कागलला गेलो. सोमशेखरांचं घर चांगलं आहे, खताचं दुकान आहे, माणसं मोकळी. त्यांचा शशिधर तुला मिरजेत भेटून आलेलाच होता. पोह्यांच्या बशा उचलता उचलता त्याच्या आईनं सहज विचारलं, "मास्तर, पोरगी फिट हाय न्हवं? काय दुखनं-खुपनं?" सांगायचं ठरवूनच गेलो होतो. शपथेवर सांगतो, एसटीत दोनदा मनात म्हणूनही बघितलं होतं. आणि तोंडातून निघालं, "एकदम फिट." दहा वर्षांनी तो शब्द उच्चारला, तोही खोटं बोलायला. तुझ्या अव्वानं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. संध्याकाळी तुझा फोन आला, "अप्पा, सांगितलंत?" मी म्हटलं सांगितलं. "त्यांना चालतंय?" मी म्हटलं चालतंय. आणि तू हसलीस. इतकी मोकळी हसलीस की मला फोन ठेववेना. आठवड्यानं तुझ्या पगारातून घेतलेली मोरपंखी साडी तू कुणाबरोबर तरी ब्लाऊज शिवायला पाठवलीस.

तो ब्लाऊज मी बेतला, पण शिवायला हात वळेना. तुझी अव्वा तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलत होती. बुधवारी मशीनपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "उद्या त्यांच्या न्हाणीत पडली म्हंजी तिला उचलंल कोन? त्यास्नी म्हाईत तरी पायजे की. तुमास्नी पोरगी खपवायची हाय का नांदवायची?" ती मला असं कधी बोललेली नाही. काल सकाळी मी पुन्हा कागलची एसटी धरली. ओसरीवर उभ्यानंच सांगितलं, माझ्या मुलीला फिट येते, बाराव्या वर्षापासून, गोळ्या चालू आहेत, तीन वर्षांत आलेली नाही, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. शशिधरची आई उठून आत गेली ती परत आली नाही. सोमशेखर म्हणाले, "अदुगर सांगायला पायजे हुतं, मास्तर." हो की नाही, काहीच म्हणाले नाहीत. तेव्हा वीस तारखेचं काही खरं धरू नकोस, पोरी. आणि रागवायचं असेल तर त्यांच्यावर नको, माझ्यावर रागव. तुझा तो फोनवरचा आनंद मी चोरून दिला होता आणि आता मीच तो परत मागतोय, याची मला फार लाज वाटते.

पण पत्र लिहायचं खरं कारण पुढे आहे. शशिधर मला स्टँडवर सोडायला आला. एसटी लागल्यावर त्यानं विचारलं, "तिला फिट आली तर शेजारच्यानं काय करायचं असतं?" दिवाळीत तू जेवताना हेच सांगायला लागली होतीस, डॉक्टरांनी काय काय सांगितलंय ते. मी ताटावरून उठून हात धुवायला गेलो होतो. त्याला म्हटलं, "मला म्हाईत न्हाय." तो म्हणाला, "मग मी तिलाच इचारतो. रविवारी मिरजेला जातो." आईला विचारून की न विचारता, ते मी विचारलं नाही. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र कृष्णातच्या हाती धाडतोय, त्याला उद्या मिरजेत एक पाटी रंगवायची आहे. शशिधर आला की त्याला सगळं नीट सांग, काही लपवू नकोस, माझ्यासारखं तर मुळीच नको. तो पुढे काय ठरवेल ते मला माहीत नाही. पण त्याला सांगून झालं की घरी ये, आणि मलाही सांग. या खेपेला मी ताटावरून उठणार नाही. दहा वर्षं झाली, शिवांजली, आणि तुला फिट आली तर काय करायचं हे तुझ्या बापाला अजून माहीत नाही.

तुझाच,
अप्पा